हंगामी तपासणीचे एक दशक

गणेशोत्सव, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी या हंगामांत एस.टी.च्या ज्यादा गाड्या पुरेनाशा झाल्या की महाराष्ट्रातील प्रवाशांचा उरलेला भार खासगी बसवर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘ट्रॅव्हल्स’वर येतो, आणि त्याच सुमारास परिवहन विभागाची वायुवेग पथके, म्हणजे रस्त्यावर वाहने थांबवून तपासणारी फिरती पथके, महामार्गांवर उतरतात. ही प्रथा जुनी असली, तरी २०१५ नंतरच्या दशकात तिची ताकद आणि तिचे अपुरेपण दोन्ही उघड झाले.

त्या अपुरेपणाचे एक मूळ १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. हा कायदा बसवाहतुकीचे दोन प्रकार मानतो : वाटेत थांबे घेत प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे आकारणारी टप्पा वाहतूक आणि एका करारानुसार ठरलेल्या प्रवाशांना मुक्कामापर्यंत नेणारी कंत्राटी वाहतूक. खासगी बसला परवाना मिळतो तो दुसऱ्या प्रकारचा. व्यवहारात मात्र तिची तिकिटे सुटी विकली जातात. त्यामुळे परवान्याच्या अटींचा भंग जवळजवळ प्रत्येक फेरीत सापडतो, आणि जो दोष सर्वत्र सापडतो त्यावर दंड आकारणे हेच तपासणीचे मुख्य काम होऊन बसते.

एप्रिल २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रवासी बसना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घालणारा वेगनियंत्रक आवश्यक ठरवला. पण हंगामी मोहिमांत लोकांचे लक्ष वेधले ते एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने, ज्यानुसार खासगी बसचे भाडे एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये असे ठरले. जादा भाड्याची तक्रार करणारा प्रवासी हजर असतो, थकलेल्या चालकाबद्दल तक्रार करणारा सहसा नसतो, आणि मोहिमेचा कल त्या प्रमाणात भाड्याकडे झुकला. (दिवाळीत दहा टक्के हंगामी भाडेवाढ एस.टी.नेही अनेकदा केली, हे येथे विसरता येत नाही.)

ऐन दिवाळीत पेटलेल्या आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या एस.टी. संपात चित्र पालटले. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने खासगी बसना टप्पा वाहतुकीची तात्पुरती मुभा दिली, म्हणजे एरवी जो परवानाभंग दंडास पात्र होता तोच काही काळ सार्वजनिक सेवा ठरला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, दसऱ्यानंतर तीनच दिवसांनी, यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली व १२ जण मृत्युमुखी पडले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर–पुणे बस कलंडून पेटली, तेव्हा २५ जण दगावले. पहिली घटना सणाच्या परतीच्या गर्दीतील, तर दुसरी हंगामाबाहेरची असूनही तिने नियमनाची भाषा बदलली. भाडे आणि कागदपत्रे यांच्या जोडीला आपत्कालीन दरवाजे, अग्निशामक, घासलेले टायर आणि चालकाची मद्यचाचणी हे विषय पुढे आले.

तरीही एक अडचण कायम राहिली. सदोष बस रोखून ठेवण्याचा अधिकार कायदा देतो, पण दिवाळीच्या आदल्या रात्री भर महामार्गावर चाळीस प्रवासी उतरवल्यास त्यांना पुढे नेणारी दुसरी गाडी उपलब्ध नसते. म्हणून ज्या दिवसांत बस थांबवण्याची गरज सर्वाधिक, त्याच दिवसांत ती थांबवणे सर्वांत अवघड होते आणि दंड करून सोडून देण्याकडे पथकांचा कल होणे स्वाभाविक ठरते. यावरून तपासणीची योग्य जागा महामार्ग नसून बस सुटण्याचे ठिकाण आहे, असे मानावे लागते.

चालकाच्या थकव्याचा प्रश्न तर याहून बिकट आहे. परवाना, विमा, वेगनियंत्रक हे रस्त्यावर पाहता येते, श्वासातील मद्यही मोजता येते. परंतु मागणी वाढल्यामुळे रात्रीची फेरी संपवून आलेल्याच चालकाला परतीच्या गाडीवर बसवले आहे काय, याचे उत्तर मालकाच्या हजेरीपटाखेरीज अन्यत्र सहसा मिळत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता, तरी मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ तीच मर्यादा व्यावसायिक वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लावते, आणि चालकांच्या कामाच्या वेळा आगाऊ ठरवून नोंदवण्याची सक्ती मालकांवर करण्याचा अधिकारही राज्य शासनाला देते.