टोमॅटोचे रोप

गोवंडीच्या भूमीचा बराचसा भाग एके काळी खाडीकाठचे खाजण होता. भरतीचे खारे पाणी जेथे शिरत असे, तेथे भर घालून पुढे वस्ती झाली. शिवाय जवळच देवनार येथे १९२७ पासून अनेक दशके मुंबईचा कचरा साठत आला. अशा मातीत क्षार असतातच. पण शिशासारखे विषारी धातूही असण्याचा संभव असतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून येथे ज्याला टोमॅटो लावावयाचा असेल, त्याने पायाखालची माती सोडून द्यावी व कुंडीचा किंवा गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा आश्रय करावा. रंगाचा अथवा औषधाचा डबा मात्र कधीही घेऊ नये. बुडाला चार-पाच भोके पाडून त्यात दोन भाग तांबडी माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत व एक भाग नारळाचा भुसा भरावा. ताजे शेण घातल्यास ते कुजताना उष्णता निर्माण होते व कोवळी मुळे होरपळतात.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतील. मेक्सिकोच्या प्राचीन रहिवाशांच्या भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून त्याचे नाव पडले. विदर्भाच्या काही भागांत त्यास ‘भेदरे’ म्हणतात. युरोपातील लोक प्रारंभी त्याला विषारी समजून केवळ शोभेसाठी लावीत. या भीतीला थोडा आधारही होता; कारण धोतरा व टोमॅटो एकाच कुळातील आहेत. वांगे, मिरची, बटाटा हेही त्यांचे भाऊबंदच. म्हणूनच ज्या मातीत आदल्या वर्षी वांगे होते, तीत टोमॅटो लावू नये. एकाचे रोग दुसऱ्याला जडतात.

मुंबईत पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात बी पेरावे. पसरट भांड्यात बोटभर अंतरावर एकेक बी ठेवून वर अर्धा सेंटिमीटर माती पसरावी. पाच ते आठ दिवसांत दोन लांबट बीजपत्रे वर येतात. कातरलेल्या कडांची खरी पाने त्यानंतर फुटतात.

याच काळात रोपांवर मोठे संकट येते. काल ताठ उभे असलेले रोप आज मातीलगत पाणचट व बारीक होऊन आडवे पडलेले दिसते. ते तहानेने मेले असे समजून मुले उरलेल्या रोपांना अधिकच पाणी घालतात, आणि दोन दिवसांत सारे भांडे ओस पडते! वास्तविक रोप मेलेले असते ते सततच्या ओलीत वाढणाऱ्या बुरशीमुळे. पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ते उपटून टाकावे. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्याखेरीज पाणी देऊ नये. दाट पेरणी, कोंदट हवा व अंधार यांनी ही बुरशी बळावते. अरुंद गल्लीत ऊन थोडाच वेळ येते. तेव्हा ते जेथे जास्तीत जास्त काळ टिकते, ती जागा आधी शोधावी. उन्हावाचून रोपे लांबट व फिकट होतात.

चार-सहा खरी पाने आली की संध्याकाळी रोपे डब्यात हलवावी. रोप पानाला धरून उचलावे, खोडाला धरू नये. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडल्यावर नवी मुळे फुटतात; म्हणून खालची पाने काढून ते बरेच खोल पुरावे. एका डब्यात एकच रोप पुरे. शेजारी काठी रोवून सुती दोऱ्याने ते सैल बांधावे.

ज्या वस्तीत नळाला ठराविक वेळीच पाणी येते, तेथे तांदूळ-भाजी धुतलेले पाणीही झाडाला चालते. ते सकाळी बुंध्याशी घालावे. एक दिवस तुडुंब आणि तीन दिवस कोरडे असे झाल्यास फळापर्यंत चुना नीट पोहोचत नाही व फळाचे टोक काळे पडते.

टोमॅटोच्या पिवळ्या फुलात पुंकेसर नळीसारखे जुळलेले असतात. भुंगा फुलाला बिलगून थरथरतो, तेव्हा त्यातून पराग झडतात. गच्चीवर भुंगा फिरकत नसेल, तर सकाळी फुलांच्या देठांवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. पाने मात्र आखडून पिवळी पडू लागली, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू शिरला असे समजावे. अशा झाडाला उपाय नाही. कितीही जीव लावलेला असला तरी ते उपटावे लागते, नाहीतर शेजारची झाडेही जातात.

पेरणीपासून सुमारे तीन महिन्यांनी फळे पिकू लागतात. ‘पुसा रूबी’सारख्या सरळ जातीचे सर्वांत निरोगी फळ बियांसाठी राखावे, संकरित जातीच्या बियांपासून तशीच फळे येत नाहीत. बियांभोवतीचा बुळबुळीत गर अंकुर फुटू देत नाही. म्हणून गरासह बी दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून, धुऊन, सावलीत वाळवावे आणि जातीचे नाव व तारीख लिहिलेल्या कागदी पुडीत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत कोरड्या जागी ठेवावे.