एक गाडी, चार किमती

बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात चारचाकी ही आता चैन राहिलेली नाही. दवाखाना, बाजार, कॉलेज दापोलीला; मासळी आणि आंब्याच्या पेट्या वेळेत पोचवायच्या, मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन यायचे, तर गाडी दारात हवी. ती अनेकदा दुसऱ्याने वापरलेली असते. मुंबई-ठाण्यातला चाकरमानी नवी गाडी घेतो आणि जुनी भावाला किंवा पुतण्याला देतो, नाहीतर चिपळूण-पुण्याच्या डीलरकडून सौदा होतो, किंवा स्वस्त मिळते म्हणून परराज्यातली गाडी उचलली जाते. सौदा होईपर्यंत सगळे खुशीत असतात. कागद सुरू झाले की कुरकुर सुरू होते. ‘गाडी घेतली अडीच लाखाला, आणि सरकार किंमत धरते साडेपाच लाख’ ही तक्रार त्यातली सगळ्यात जुनी. लोक तिचा राग कराच्या दरावर काढतात. माझ्या मते दुखणे दरापेक्षा मूल्यांकनात आहे. एकाच गाडीला सौद्यात एक किंमत असते, आरटीओच्या हिशेबात दुसरी, विम्यात तिसरी आणि जीएसटीत चौथी. यातली कोणती कुठे लागणार हे गिऱ्हाइकाला आधी कळत नाही, आणि लागलेली चुकीची वाटली तर दाद मागायची सोपी वाट त्याच्यासमोर नसते.

आधी रागातला फोल भाग बाजूला काढू. एका माणसाने दुसऱ्याला खासगी गाडी विकली तर त्या व्यवहारावर जीएसटी नाही. गाडी महाराष्ट्रातच नोंदलेली असेल तर मोटार वाहन करही नव्याने भरावा लागत नाही. पहिल्या मालकाने नोंदणीच्या वेळी भरलेला एकरकमी कर गाडीबरोबर पुढे जातो. मुंबईची एमएच ०१ किंवा ठाण्याची एमएच ०४ बुरोंडीच्या माणसाच्या नावावर होताना नमुना २९ आणि ३० चे अर्ज, पीयूसी, विमा आणि हस्तांतरणाची फी एवढेच लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवावा लागतो. रत्नागिरीचे एमएच ०८ चे कार्यालय शंभराहून अधिक किलोमीटरवर, हा त्रास खराच, पण तो हेलपाट्यांचा आहे, कराचा नाही.

जीएसटीबद्दलचा गैरसमज तर ताजा आहे. 21 डिसेंबर 2024 रोजी जैसलमेरला जीएसटी परिषदेची पंचावन्नावी बैठक झाली आणि जुन्या गाड्यांवर सरसकट 18 टक्के दर ठरला. त्याआधी मोठ्या गाड्यांना 18 आणि लहान गाड्यांना, विजेच्या गाड्यांनाही, 12 टक्के होता. बातमी फुटताच समाजमाध्यमांवर गणिते फिरू लागली, की बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावर अठरा टक्के द्यायचे. तसे काहीही नाही. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या किमतीतल्या फरकावर आहे. फरक उणे असेल तर कर शून्य. ज्याने प्राप्तिकरात गाडीचा घसारा दाखवला आहे त्याच्यासाठी खरेदीच्या किमतीऐवजी घसारा वजा केलेली किंमत धरतात. डीलरने साडेतीन लाखांना घेतलेली गाडी चार लाखांना विकली तर कर पन्नास हजारांवर, 9,000 रुपये. गिऱ्हाइकाच्या चार लाखांत हे सव्वादोन टक्के होतात. ओरड व्हावी एवढी ही रक्कम नाही. गैरसमज पसरला त्याचे कारण मात्र विचार करण्यासारखे आहे: डीलरने गाडी केवढ्याला घेतली हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, त्यामुळे कर कशावर बसला हेही दिसत नाही. न दिसणाऱ्या आकड्यावरचा कर कितीही कमी असला तरी लोकांना लूटच वाटतो.

खरी झळ बसते ती परराज्यातल्या गाडीला. वाहनांवरचा कर हा राज्याचा विषय असल्यामुळे दर राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के. दिल्लीत सहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 4 टक्के. साडेपाच लाखांच्या गाडीचा नवी असतानाचा कर दिल्लीत 22,000 आणि इथे 60,500 रुपये. ही गाडी काही वर्षांनी दिल्लीहून दापोली तालुक्यात आली आणि बारा महिन्यांहून जास्त राहणार असली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे तिची नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो भरताना तुम्ही गाडी केवढ्याला घेतली हे कोणी विचारत नाही. गाडीची मूळ किंमत घेतात आणि वयाप्रमाणे करात सूट देतात. दिल्लीकडून उरलेल्या वर्षांचा परतावा मिळू शकतो, पण त्यासाठी कागद तिकडच्या कार्यालयात पाठवून पाठपुरावा करावा लागतो. आणि दोन्ही राज्यांनी वयाची सूट सारखीच दिली असे धरले, तरी इथे भरायची रक्कम तिथून मिळणाऱ्या रकमेच्या पावणेतीनपट राहते. परराज्यातली गाडी स्वस्त मिळाली म्हणून खूश झालेला माणूस इथे गडबडतो. कर बुडवायचा त्याचा विचार नसतो. हा आकडा त्याने सौद्यात धरलेलाच नसतो.

इथे वयाच्या तक्त्याचा मुद्दा येतो, आणि कोकणाइतका तो दुसरीकडे क्वचितच उघडा पडतो. तक्ता फक्त वर्षे मोजतो. सात वर्षे लातूरला कोरड्या हवेत धावलेली गाडी आणि सात वर्षे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्यावर, चार महिन्यांच्या पावसात उभी राहिलेली गाडी त्याच्या लेखी सारखीच. किनाऱ्यावरचा मेकॅनिक आधी गाडीखाली वाकतो: खालचा पत्रा, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, दाराच्या खालच्या कडा. खाऱ्या वाऱ्याने पत्रा आतून पोखरलेला असला की वरच्या रंगाला काही अर्थ उरत नाही. गाडीच्या किमतीत हजारोंचा फरक पाडणारी ही बाब एकाही सरकारी हिशेबात येत नाही. विम्यातही तोच प्रकार. विम्यासाठी धरायची किंमत वर्षागणिक ठरलेल्या टक्क्यांनी उतरवत नेण्याची पद्धत आहे; तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के, चार ते पाचला 50 टक्के. पाच वर्षांनंतर मात्र ही किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे जुन्या गाडीला तक्ता पुरत नाही, तिची अवस्था बघावी लागते, हे विम्याच्या क्षेत्राने मान्य केले आहे. करखात्याने ते मान्य केलेले नाही.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे. लोकांनी सांगितलेल्या किमतीवर कर घ्यायचा ठरवले तर उद्यापासून प्रत्येक गाडी कागदावर पन्नास हजारांना विकली जाईल. आक्षेप बरोबर आहे. जमिनीच्या व्यवहारांत आपण हे भोगले, म्हणूनच महाराष्ट्रात रेडी रेकनर आला. पण रेडी रेकनरची दुसरी बाजूही बघा. दर प्रसिद्ध होतात, गावागणिक बघता येतात, आणि मूल्यांकन पटत नसेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो. परदेशांतही सरकार सांगितलेल्या किमतीवर आंधळा विश्वास ठेवत नाही. टेक्सासमध्ये, जिथे आज मराठी कुटुंबेही भरपूर आहेत, 2006 पासून खासगी सौद्यात प्रत्यक्ष किंमत किंवा सरकारी प्रमाण मूल्याच्या 80 टक्के यांतली जी जास्त असेल तिच्यावर सव्वासहा टक्के कर लागतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1 ऑक्टोबर 2022 पासून घाऊक बाजारातल्या सरासरी किमतीचा असाच आधार घेतला. तिथेही लोक चिडतातच. पण गाडी ठोकलेली किंवा मोडकळीला आलेली असेल तर जाणकाराचे मूल्यांकन जोडून कमी किमतीवर कर भरण्याची सोय दोन्हीकडे आहे. आपल्याकडे उणीव आहे ती याच सोयीची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा रस्त्याचा कर. गाडी नवी असो की गंजलेली, रस्ता दोन्ही सारखाच वापरतात, मग बाजारभावाचा संबंध काय? हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर कर किमतीवर बसायलाच नको, वजनावर किंवा वापरावर बसायला हवा. राज्याने किमतीचा आधार स्वतः निवडला आहे: पेट्रोल गाडीला दहा लाखांखाली 11 टक्के, दहा ते वीस लाखांत 12, त्यावर 13. महाग गाडीवाल्याने जास्त द्यावे हे त्यामागचे तत्त्व, आणि ते मला मान्य आहे. पण तेच तत्त्व धरले तर तिसऱ्या हाताने खिळखिळी गाडी घेणाऱ्याकडून पहिल्या मालकाच्या ऐपतीवर आधारलेला कर घेण्याला काय उत्तर आहे? आपल्याला सोयीचे असेल तिथेच किंमत धरायची, हे बरोबर नाही.

कराला वैतागून गाडी नावावरच न करण्याची वाट काही जण धरतात. ती दोघांनाही महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले की, गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे दिल्लीचा विकणारा बुरोंडीच्या घाटातल्या अपघाताला जबाबदार ठरू शकतो, आणि घेणाऱ्याला विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

करायला हवे ते फार अवघड नाही. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की महाराष्ट्रात भरावा लागणारा कर सौद्याआधी, त्यामागच्या मूळ किमतीसह आणि वयाच्या सुटीसह दिसावा. अवस्था वाईट असेल तर अधिकृत मूल्यमापकाचा दाखला जोडून सूट मागता यावी. नोंदणीच्या वेळी मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतोच, त्याचाच शेरा यासाठी पुरेल. आणि एका राज्याचा परतावा दुसऱ्या राज्याच्या करात परस्पर वळता व्हावा. वाहनांची नोंद जवळपास देशभर एकाच संगणक प्रणालीत असताना नागरिकाने दोन सरकारांमधला निरोप्या का व्हावे?

हे होईपर्यंत गिऱ्हाइकाला स्वतःच सावध राहावे लागेल. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे परिवहन खात्याचे अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र आहे का ते पाहा. एप्रिल 2023 पासून तो नियम आहे. गाडी परराज्यातली असेल तर ना हरकत दाखला, कर्जाचा बोजा आणि इथे भरावा लागणारा कर या तिन्हींची माहिती लेखी मागा, कराची रक्कम गाडीच्या भावातून वजा करून बोला, आणि आकडा हाती येईपर्यंत बयाणा देऊ नका.