लायब्ररी विकायची तर आधी उदाहरण चालवून बघा

कळंबमध्ये बसून सॉफ्टवेअरचा धंदा होतो का? होतो. समजा, तुम्ही कापूस खरेदीच्या पावतीचा हिशेब करणारी लायब्ररी बनवली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामरने आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचा तयार कोड. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे नागपूरच्या ऑफिसातला प्रोग्रामर. तो डॉक्युमेंटेशन पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही. थेट उदाहरणावर येतो, कॉपी करतो, चालवतो. नाही चाललं की दुसऱ्याची लायब्ररी शोधतो. तुम्हाला फोनसुद्धा करत नाही.

बऱ्याच उदाहरणांत 'अ', 'ब', नाहीतर १ आणि २ असे आकडे असतात. त्यातून काय कळणार? खरा व्यवहार घ्या. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. माल १२.३५ क्विंटल. उत्तर ९२,८८४.३५ रुपये. हे उत्तरही उदाहरणाखाली छापा, म्हणजे वाचणाऱ्याला आपलं जुळलं की नाही ते लगेच पडताळता येतं.

आता पैशाचा मुद्दा, इथेच खरा फटका बसतो. रेझरपेसारख्या पेमेंट सेवेला रक्कम पैशांत द्यावी लागते: ५०० रुपयांसाठी ५०,०००, तीही स्वल्पविराम न देता. तुमच्या उदाहरणात नुसतं ५०० असेल आणि शेजारी एकक नसेल, तर कॉपी करणाऱ्याचं दुकान पाचच रुपये वसूल करेल. एका बिलामागे ४९५ रुपये गेले! म्हणून 'रक्कम पैशांत' हे त्याच ओळीत लिहा, खाली टीप देऊन नाही.

आपल्याकडचा आणखी एक घोळ म्हणजे देवनागरी आकडे. '१२३' हा मजकूर पायथॉन सरळ संख्येत बदलून देतो, जावास्क्रिप्ट देत नाही. गिऱ्हाईक मराठी कीबोर्डवर वजन भरणार असेल तर हेही उदाहरणात दाखवा.

लायब्ररी बदलते, उदाहरण मात्र जुनंच राहतं. पायथॉनमध्ये २००१ पासून, म्हणजे २.१ आवृत्तीपासून, डॉकटेस्टची सोय आहे. ती उदाहरणं स्वतः चालवते आणि छापलेल्या उत्तराशी ताडून बघते. वेगळा खर्च नाही. प्रत्येक नवी आवृत्ती देण्याआधी ती चालवाच.

शेवटी लायब्ररी कधीच न पाहिलेल्या मित्राला कोऱ्या लॅपटॉपवर बसवा. शेजारी बसून सांगू नका. तो जिथे अडून तुम्हाला विचारेल, तिथे एक ओळ वाढवा.