छोटं ऑफिस, नेटका कारभार – लेखांक ७ : दप्तर कुणाच्या नावावर?

मागच्या आठवड्यात बिलिंग सॉफ्टवेअरबद्दल वाचलंत. तयार झालेली बिलं ठेवायची कुठे, हा आजचा विषय. दोन-चार माणसांच्या ऑफिसात सगळे कागद व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरतात. ट्रान्सपोर्टची बिल्टी, पुरवठादाराचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, सगळं ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅप उत्तम, पण दप्तर म्हणून ते धोक्याचं आहे. आलेली फाइल वेळेत उतरवून घेतली नाही, तर पुढे ती उघडतच नाही. फोन बदलला की जुन्या फाइली शोधत बसावं लागतं.

आणि कागद ठेवायचे असतात वर्षानुवर्षं. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाची बिलं २०३० संपेपर्यंत हाताशी हवीत. अपील चालू असेल तर त्याहूनही जास्त काळ.

म्हणून पहिलं काम, ऑफिसच्या नावाचं स्वतंत्र खातं. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. नुसत्या बिलांना ती बरीच वर्षं पुरते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कर्मचाऱ्याने स्वतःच्या जीमेलवरून शीट बनवून तुम्हाला शेअर केली, तर तिची मालकी त्याचीच राहते. तो नोकरी सोडून गेला आणि त्याने ती शीट कायमची काढून टाकली, तर तुमच्याकडूनही ती जाते. माणूस प्रामाणिक असला तरी हे घडू शकतं; खातं साफ करताना कोणती शीट कुणाची, हे कुणाच्या लक्षात राहतं? तेव्हा फाइल ऑफिसच्या खात्यातच बनवायची आणि तिथून इतरांना शेअर करायची. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मालकाचा हवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. गूगल आठ-आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं, ते छापून कपाटात ठेवा. फोन हरवला त्या दिवशी तेच कामाला येतात.

फाइलला नाव देताना तारीख आधी, तीही वर्ष-महिना-दिवस अशी. '२०२५-०४-०७ बिल्टी नाशिक' असं लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. कागद स्कॅन करायला वेगळं यंत्र लागत नाही, ड्राइव्हच्या मोबाइल अ‍ॅपमध्येच स्कॅनची सोय आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्राइव्हशी सिंक केलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. सिंकमध्ये संगणकावर जे होतं तेच ऑनलाइनही होतं. इथे फाइल डिलीट झाली की तिथूनही जाते आणि ट्रॅशमध्ये फक्त ३० दिवस राहते. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद फाइलीच वर चढतात. त्यामुळे तिसरी प्रत हवी, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आठवड्यातून एकदा डिस्क जोडायची, प्रत घ्यायची, काढून ठेवायची. कायम जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच बाधित होते.

टॅलीचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या बॅकअपच्या सोयीने घ्या. महिन्यातून एकदा तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून पाहा. चालू कंपनीच्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर केलात तर आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसतील, तेवढं सांभाळा. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपवर मी तरी विसंबणार नाही.

पुढच्या लेखांकात डिजिटल सही आणि तिचं टोकन. तोवर एवढं करा, ऑफिसच्या ईमेल खात्याला रिकव्हरीसाठी कुणाचा नंबर जोडला आहे, ते आजच तपासा.