समजून घ्या : अग्निवीर म्हणून निवड झाली, आता ट्रेनिंग कसे निभवायचे?

१६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले, बीमवर १० पुल-अप्स काढले, मेडिकलही झाले. निवड यादीत नाव आले की गावात फ्लेक्स लागतो आणि सराव थांबतो. नेमका हाच काळ महागात पडतो.

बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्री केंद्र असो, नाशिक रोडचे आर्टिलरी सेंटर असो की खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, तिथला हिशेब वेगळा आहे. भरतीची धाव हलक्या बुटांत, एकदाच. प्रशिक्षणातल्या ‘बीपीईटी’ चाचणीत मात्र ५ किलोमीटर धावायचे असते, तेही जड बूट, पाठीवर साहित्य आणि हातात रायफल घेऊन. शिवाय दोर चढणे, ९ फुटी खड्डा ओलांडणे आणि रोजची पीटी-ड्रिल असतेच.

नडगी का दुखते?

दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला जास्त वेळ लागतो. भार अचानक वाढला की नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. एकाच जागी बोट ठेवले की कळ येते, धावताना वाढते, विश्रांतीने कमी होते. सुरुवातीला एक्स-रेतही ते दिसेलच असे नाही.

अनेक रंगरूट हे दुखणे लपवतात. ‘रेलिगेट’ होऊन मागच्या बॅचमध्ये जाण्याची धास्ती असते. त्यात चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच कायम सेवेची संधी. भीती खरी आहे, पण हिशेब उलटा आहे. लवकर एमआय रूम गाठली तर काही आठवड्यांच्या विश्रांतीवर भागते. चीर वाढून हाड मोडले तर महिने जातात.

म्हणून रुजू होईपर्यंत सराव सोडू नका. डांबरी रस्त्यापेक्षा मातीवर पळा, अंतर हळूहळू वाढवा, बूट घालून चालण्याची सवय करा. पायाला फोड आला तर सोलू नका. मोजे कोरडे ठेवा.

आणखी एक, हिंदी. आदेश हिंदीतच सुटतात. ‘उस्तादां’नी दिलेली सूचना समजली नाही म्हणून चूक झाली, तरी रगडा पूर्ण पथकाला बसू शकतो. समजले नसेल, तर लगेच विचारलेले बरे.