मांजराचे पिल्लू : स्वच्छतेची सवय व पिसवांचा बंदोबस्त

गोव्यातील जुन्या घरांत मांजर बहुधा आणले जात नाही, ते आपणहून येते. माळ्यावर, लाकूडफाट्याच्या आडोशाला किंवा भाताच्या कोठीमागे मांजरी विते आणि तीन-चार आठवड्यांनी तिची पिल्ले धडपडत स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचतात. घरातील मुलांना त्यांचे कोण कौतुक! परंतु कोपऱ्यातील दुर्गंधी आणि पायांना डसणाऱ्या पिसवा या दोन तक्रारी लवकरच सुरू होतात, आणि एके दिवशी पिल्ले पोत्यात घालून मासळीबाजाराजवळ सोडून दिली जातात. आईच्या दुधावरील पिल्लू तेथे फार दिवस तग धरीत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यान्वये अपराधही आहे.

वास्तविक या दोन्ही तक्रारी थोड्याशा माहितीने व नेटाने दूर होण्यासारख्या आहेत. मात्र माहितीअभावी केलेला उपाय कित्येकदा रोगापेक्षा भयंकर ठरतो. पिसवांनी पिल्लू मरते हे जितके खरे, तितकेच ते पिसवांवरील चुकीच्या औषधाने मरते हेही खरे आहे.

उपजत स्वभावाचा लाभ घ्यावा

जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आई त्याचे अंग चाटते, त्या स्पर्शाने ही क्रिया घडते आणि घाणही तीच साफ करते. आईवेगळ्या पिल्लाच्या बाबतीत प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजविलेल्या मऊ कापडाने त्याच्या पोटाखालचा भाग हलकेच पुसावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लू स्वतंत्रपणे विसर्जन करू लागते व त्याच सुमारास मऊ माती उकरून घाण झाकण्याची उपजत प्रवृत्ती त्याच्या ठायी जागी होते. तेव्हा पिल्लाला स्वच्छता शिकवावी लागते असे म्हणण्यापेक्षा, त्याला योग्य जागा दाखवावी लागते असे म्हणणेच अधिक यथार्थ होईल.

यासाठी एक पसरट, उथळ पाटी किंवा जुने तबक घ्यावे. त्याची कड चार ते पाच सेंटिमीटरहून उंच नसावी, अन्यथा लहान पिल्लाला आत चढता येत नाही. तळाशी वर्तमानपत्राचा कागद अंथरून त्यावर सुमारे दोन बोटे जाडीचा कोरड्या बारीक वाळूचा थर द्यावा. वाळू न मिळाल्यास कोरडी चाळलेली माती अथवा कागदाच्या कपट्यांनीही काम भागते. ओल लागताच ज्याचा गोळा बनतो असा बाजारातील तयार भुकटीचा प्रकार मात्र लहान पिल्लांसाठी वापरू नये. या वयात पिल्लू दिसेल ती वस्तू तोंडात घालते आणि तो गोळा पोटात गेल्यास आतडे तुंबण्याचा संभव असतो.

पाटी शांत कोपऱ्यात, परंतु पिल्लाला सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी ठेवावी. खाण्याच्या ताटलीजवळ ती ठेवू नये, कारण मांजर जेथे जेवते तेथे घाण करण्याचे टाळते. प्रारंभीचे काही दिवस पिल्लाला एकाच खोलीत ठेवणे श्रेयस्कर होय. झोपेतून उठल्यावर व प्रत्येक जेवणानंतर त्याला अलगद उचलून पाटीत सोडावे. पिल्लाने अन्यत्र लघवी केली असल्यास ती टिपलेल्या कागदाचा तुकडा पाटीत ठेवल्याने त्या वासाच्या अनुरोधाने ते पुन्हा तेथेच येते. बहुतेक पिल्ले थोड्याच दिवसांत पाटी ओळखू लागतात.

पिल्लू चुकल्यास त्याचे नाक घाणीत घासण्याची किंवा त्याला चापट मारण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे. त्यामुळे पिल्लू स्वच्छता शिकत नाही, माणसाला भिण्यास मात्र शिकते आणि पुढील खेपेस पलंगाखाली लपून घाण करते. चुकलेली जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्णपणे कोरडी करावी. तेथे काळे फिनेल ओतू नये. डांबरापासून काढलेली अशी जंतुनाशके मांजराला विषारी असतात. जमिनीवरून ती पंजाला लागतात व पंजा चाटताना पोटात जातात.

पाटीतील घाण रोज दोन वेळा काढावी आणि आठवड्यातून एकदा सर्व वाळू बदलून पाटी गरम पाण्याने व साबणाने धुवावी. पाटी अस्वच्छ असेल तर सवय लागलेले मांजरही ती टाळते. घरात अनेक मांजरे असल्यास त्यांच्या संख्येपेक्षा एक पाटी अधिक ठेवावी. नीट वळण लागलेले मांजर अकस्मात इतरत्र घाण करू लागले, तर तो खोडसाळपणा न समजता आजाराचे लक्षण मानावे. विशेषतः बोका वारंवार कुंथत असूनही लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. मूत्रमार्ग तुंबल्यास मृत्यू ओढवण्यास वेळ लागत नाही.

पिसू : शत्रूचा परिचय

पिसवा हा केवळ खाजेचा उपद्रव आहे असा समज आढळतो. तो पिल्लांच्या बाबतीत घातक ठरतो. सुमारे ७० माद्या मिळून दिवसाला १ मिलिलिटर रक्त शोषून घेऊ शकतात. हा आकडा क्षुल्लक वाटेल, परंतु अर्धा किलो वजनाच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे असते. अशा पिल्लाच्या अंगावर पिसवा माजल्या, तर ते काही दिवसांतच रक्तक्षयाने मरू शकते. पिल्लाच्या हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसणे, ते मलूल होणे व दूध न पिणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

पिसवा आहेत किंवा नाहीत हे ओळखण्याची रीत सोपी आहे. पिल्लाला पांढऱ्या कागदावर उभे करून त्याचे केस विंचरावेत. खाली पडलेले काळे कण पाण्याने भिजविल्यावर त्याभोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. साधी धूळ तांबूस रंग सोडत नाही.

पिसूची मादी रक्त प्याल्यानंतर एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते व दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालते. ही अंडी मांजराच्या अंगाला चिकटून राहत नाहीत. मांजर जेथे झोपते व हिंडते तेथे ती गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेडापासून दूर, फटींत व अंथरुणाच्या घड्यांत राहतात आणि पिसवांच्या विष्ठेवर पोसल्या जातात. नंतर त्या कोशात जातात. उष्ण व दमट हवेत हे चक्र तीन-चार आठवड्यांत पूर्ण होते. कोशातील पिसू मात्र अनुकूल काळाची वाट पाहत कित्येक महिने राहू शकते आणि पावलांची कंपने व अंगाची ऊब जाणवताच बाहेर पडते. वर्षभर बंद असलेले घर चतुर्थीला उघडताच पिसवा पायांवर तुटून पडतात, त्याचे कारण हेच. घरातील पिसवांच्या एकूण पसाऱ्यापैकी मांजराच्या अंगावर शेकडा सुमारे पाचच असतात. उरलेल्या ९५ अंडी, अळी व कोश या रूपांत घरातच दडलेल्या असतात.

पिल्लाच्या अंगावरील उपाय

अगदी लहान पिल्लांसाठी उवांची बारीक दातांची फणी हेच सर्वांत निर्धोक साधन आहे. मान, कानांमागील भाग व शेपटीचे मूळ या ठिकाणी फणी फिरवावी व निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. नुसत्या पाण्यातून त्या पुन्हा उडी मारून निसटतात. हा क्रम रोज चालू ठेवावा.

पिल्लू चार-पाच आठवड्यांचे व धट्टेकट्टे असल्यास त्याला आंघोळ घालता येते. पाणी मनगटावर कोमट लागेल इतपतच असावे. प्रथम मानेभोवती सौम्य साबणाच्या फेसाचे कडे करावे, म्हणजे पिसवा डोळ्यांकडे व कानांकडे धाव घेत नाहीत. त्यानंतर उरलेले अंग धुवावे. डोके पाण्यात बुडवू नये. आंघोळ लवकर आटोपून पिल्लाला टॉवेलने कोरडे करावे व उबेत ठेवावे. ओले पिल्लू पावसाळी हवेत गारठून दगावू शकते. अशक्त किंवा आजारी पिल्लाला आंघोळ घालूच नये.

येथे एक गोष्ट निक्षून सांगणे अगत्याचे आहे. कुत्र्याचे पिसवांचे औषध मांजराला कधीही लावू नये. अशा अनेक औषधांत पर्मेथ्रिन हे द्रव्य असते. कुत्रा ते सहन करतो, परंतु मांजराच्या यकृताला ते पुरेशा वेगाने निकामी करता येत नाही. पाठीवर टाकलेले थोडेसे थेंबही मांजराला प्राणघातक ठरू शकतात. चुकून ते लागले आणि लाळ गळणे, अंग थरथरणे अथवा झटके येणे सुरू झाले, तर विनाविलंब पशुवैद्यकाकडे धाव घ्यावी. रॉकेल, डांबरगोळ्या, कापूर व पिकांवर फवारण्याची औषधे हीदेखील वर्ज्य मानावीत. एके काळी घरोघरी वापरली जाणारी गॅमेक्झिनची भुकटी तर देशात १९९७ पासून बंदी असलेल्या द्रव्याची आहे. जुन्या डब्यात ती उरली असल्यास वापरू नये. वनस्पतींची तेलेही केवळ नैसर्गिक म्हणून निर्धोक ठरत नाहीत. मांजर अंग चाटते, म्हणून जे अंगाला लागते ते पोटात जाते, एवढा एकच नियम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ अनर्थ टळतील. मांजरांसाठी निर्धोक औषधे आज उपलब्ध आहेत, परंतु त्यांची मात्रा पिल्लाच्या वयावर व वजनावर ठरते. ती पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी.

सात घरांची साफसफाई

मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे दाखविते, असे आपल्याकडे म्हणतात. ती ज्या ज्या जागी पिल्ले हलविते, तेथे तेथे पिसवांची अंडीही पडतात. म्हणून केवळ सध्याची जागा साफ करणे पुरेसे नाही. माळा, कोठी, पडवी अशा सर्व जागांतून जुनी पोती व चिंध्या काढून टाकाव्यात. पिल्लांचे अंथरूण आठवड्यातून एकदा कडकडीत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. फटी, कोपरे व सामानाखालची जमीन रोज झाडावी आणि केर घरालगत न टाकता दूर न्यावा. पिसूची अळी कोरड्या हवेत व उन्हात तगत नाही. त्यामुळे पावसाळ्यात थोडीशी उघडीप मिळाली तरी अंथरुणे बाहेर काढण्याचा लाभ होतो. कोशांतून नव्या पिसवा निघतच राहतात, म्हणून हा उपक्रम किमान तीन महिने चालविणे आवश्यक आहे. घरात कुत्रा किंवा आणखी मांजरे असल्यास त्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावा.

घरातील माणसांचे आरोग्य

मांजराच्या पिसवांमुळे प्लेग होईल या भीतीने काही जण पिल्ले बाहेर काढतात. उंदरांवरील पिसवांद्वारे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखविले. ती उंदरावरची पिसू निराळ्या जातीची होय. मांजरावरची पिसू माणसाला डसते, खाज आणते आणि पिसू पोटात गेल्यास एका पट्टकृमीची बाधा होऊ शकते. मांजराच्या गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसल्यास तो हाच कृमी समजावा व जंताचे औषध विचारून घ्यावे.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्झोप्लाझ्मा या परजीवीचा प्रसार होऊ शकतो. तो गर्भाला अपायकारक असतो. विष्ठेतील बीजे संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो, म्हणून पाटी रोजच्या रोज साफ करणे हेच त्यावरील मोठे संरक्षण होय. हे काम गरोदर स्त्रीने करू नये. इतरांनी नंतर हात साबणाने धुवावेत. पाटीतील वाळू परसातील भाजीच्या वाफ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजप्रतिबंधक लस अवश्य टोचून घ्यावी.

शेवटी मुळावर इलाज करणे इष्ट. मांजरी चार-पाच महिन्यांची होताच गाभण राहू शकते व सुमारे दोन महिन्यांत विते. योग्य वेळी तिची संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घेतली, तर पोते भरून पिल्ले सोडून देण्याची पाळी कोणावरही येणार नाही. वाळूची एक पाटी, बारीक दातांची एक फणी आणि तीन महिन्यांची चिकाटी एवढ्याच भांडवलावर माळ्यावरचे ते पिल्लू घरातले मांजर होऊ शकते.