छोट्या रुळांवरचे खरे गाव

लहानपणी आगगाडी पाहून ज्याचे पाऊल थबकले नाही असा मनुष्य विरळाच. परंतु आज आम्ही ज्या छोट्या रेल्वेविषयी बोलणार आहोत, ते चावी देऊन फिरवावयाचे खेळणे नव्हे. रूळ, स्टेशन, डोंगर, नदी आणि माणसे ह्यांसह एक अख्खा मुलूख खोलीएवढ्या जागेत उभा करावयाचा आणि त्यातून वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवावयाच्या, अशी ही विद्या आहे. पुण्यात १९९८ साली सुरू झालेले जोशी ह्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे पाहणाऱ्याला नकळत वाटून जाते की, हे खरेच आहे. असे का वाटते, हा आजचा प्रश्न.

पहिले उत्तर गणिताचे. जगात सर्वांत अधिक चालणारे प्रमाण म्हणजे मूळ वस्तूचा ८७ वा भाग. ह्या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा माणूस १९ मिलिमीटरांचा होतो. आपल्या जुन्या पद्धतीचा सुमारे २१ मीटर लांबीचा प्रवासी डबा साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. रुळांमधले १४३५ मिलिमीटरांचे युरोप-अमेरिकेतील अंतर साडेसोळा मिलिमीटरांवर येते. येथवर सारे सोपे आहे. परंतु गणित पुढे चालविले की अडचण येते. पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटर. ८७ ने भागले तरी जवळजवळ पाऊण किलोमीटर उरतात. एवढे रूळ मांडावयाचे तर घर पुरणार नाही, पेठ लागेल. आपल्या रुंदमार्गावर अधिकात अधिक तीव्र म्हणून जे वळण चालते, त्याची त्रिज्या १७५ मीटर. प्रमाणात ती दोन मीटर होते, म्हणजे गाडी नुसती मागे फिरवावयाला चार मीटर रुंदीची खोली हवी. बाजारात मिळणाऱ्या रुळांच्या वळणाची त्रिज्या मात्र बहुधा अर्ध्या मीटरहूनही कमी असते.

तेव्हा केवळ भागाकार करून खरेपणा येत नाही. काय ठेवावे आणि काय गाळावे, हे ठरवावे लागते. अठरा डब्यांच्या गाडीला साडेचार मीटर फलाट लागेल. जाणता कारागीर सहाच डबे घेतो आणि फलाट त्या मानाने तोकडा करतो. पण फलाटावरचा बाक, दाराची उंची, जिन्याची पायरी ह्यांना तो हात लावीत नाही. अंतर कमी केलेले डोळा क्षमा करतो. माणसाच्या मापाच्या वस्तू चुकल्या तर करीत नाही. तीव्र वळण तो बोगद्यात किंवा टेकडीआड लपवितो. गाडी दृष्टीआड झाली की पाहणारा आपल्या मनाने तिला दूरच्या गावी पोचवितो.

माप चुकले की काय होते, ह्याचे उदाहरण इंग्लंडातच सापडते. तेथील इंजिने अंगाने लहान. ८७ व्या भागाच्या इंजिनात त्या काळची विजेची मोटर मावेना. म्हणून इंजिने व डबे ७६ व्या भागाचे केले आणि रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचेच ठेविले. ते असावयास हवे होते जवळजवळ १९ मिलिमीटर. सोयीसाठी केलेली ही तडजोड तेथे रूढ होऊन बसली. आपल्याकडेही रुंदमार्गाचे इंजिन ८७ व्या भागात करून बाजारच्या रुळांवर ठेविले, तर रूळ सुमारे तीन मिलिमीटरांनी अरुंद पडतात आणि गाडी समोरून पाहताना उगीच लुकडी दिसते.

दुसरे उत्तर काळाचे. आम्ही पहिला देखावा केला, तेव्हा मापे काटेकोर घेतली, रंग नीट दिला, सारे लखलखीत केले. शेजारचा एक मुलगा पाहून म्हणाला, "काका, खेळणं मस्त आहे हं!" आम्ही मनातून खट्टू झालो, पण मुलाचे खरे होते. आमच्या स्टेशनवर पाऊस पडलेला नव्हता, इंजिनाने कधी धूर सोडलेला नव्हता, आणि फलाटाच्या कडेला कोणी पान खाऊन थुंकले नव्हते! ही गोष्ट जगाला पटविण्यात अमेरिकेतील जॉन ॲलन ह्यांचा मोठा वाटा आहे. हे गृहस्थ व्यवसायाने छायाचित्रकार. कॅलिफोर्नियातील मॉंटेरे येथे घराच्या तळघरात त्यांनी एक काल्पनिक पहाडी रेल्वे उभी केली. पर्वत जमिनीपासून छतापर्यंत चढविले, जागा मोठी भासावी म्हणून आरसे योजिले, आणि डब्यांना गंज, धूळ व काजळी दिली. रेल्वे काल्पनिक असूनही छायाचित्रांत ती खरी वाटे, कारण तिच्यावरून काळ गेलेला होता.

ह्या कामाला सामग्री साधीच लागते. तारेच्या जाळीवर प्लास्टर चढविले की डोंगर होतो. रुळांखाली बारीक चाळलेली खडी पसरावी, आणि सुतार वापरतात तो पांढरा गोंद पाण्यात पातळ करून थेंबथेंब सोडावा. त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकला नाही, तर पाणी खडीवर गोळा होऊन बसते, आत मुरत नाही. दूरचे रंग फिके ठेवावेत, जवळचे गडद. आणि देखावा डोळ्यांच्या उंचीजवळ मांडावा. वरून पाहिले की नकाशा दिसतो, समोरून पाहिले की गाव.

तिसरे उत्तर आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. रॉय इंग्लंड हे तरुण गृहस्थ १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडात आले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स ह्या खोऱ्यातली गवती छपरांची घरे त्यांनी पाहिली, आणि ती बदलत चालली आहेत, पडत चालली आहेत, हेही पाहिले. ती वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. मोजणे हाती होते. त्यांनी घरे मोजली, टिपणे केली आणि ७६ व्या भागात ती उभी करू लागले. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात त्या तंतूची छपरे, परसात एकेक पाकळी कापून केलेली फुले. एकेका घराला शेकडो तास. १९५४ मध्ये लाँग विटनम ह्या खेड्यात त्यांनी पेंडन संग्रहालय स्थापिले. तेथील रूळही सोयीच्या साडेसोळावर न थांबता १८ मिलिमीटरांचे केले. रॉय इंग्लंड १९९५ मध्ये वारले. काम पुढे चालूच राहिले. मूळची कित्येक घरे गेली असता त्यांचे रूप आज तेथे पाहावयास मिळते.

ॲलन ह्यांच्या पहाडाचे तसे झाले नाही. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले, आणि दहा दिवसांनी लागलेल्या आगीत बहुतेक देखावा जळाला. उरली ती मुख्यतः छायाचित्रे. एकट्याचे काम एकट्याबरोबर जाते. अनेकांनी हाती घेतलेले राहते.

आता आपल्या घराकडे पाहू. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपुरास पोचली, आणि वारकऱ्यांच्या पिढ्या तिने वाहिल्या. अडीच फुटी रुळांची ती गाडी आता नाही. तो मार्ग रुंद झाला आहे. ८७ व्या भागात तिचे रूळ पावणेनऊ मिलिमीटरांचे होतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरांचे रूळ सहज मिळतात. म्हणजे माप जुळते आहे, सामग्री आहे. नाही ती टिपणे. त्या स्टेशनांची दारे किती उंच होती, पाण्याची टाकी कोठे होती, छपराची कौले कोणती, हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.

म्हणून आमची विनंती एवढीच की, ज्यांना हा छंद लागेल त्यांनी इंजिन विकत घेण्याआधी एक मोजपट्टी आणि एक वही घ्यावी, आणि आपल्या गावच्या स्टेशनावर जावे. तेथल्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, रुळांपासून दूर राहून, पहिले माप फलाटावरच्या बाकाचे घ्यावे. घरी आजोबा असतील तर त्यांनाही बरोबर न्यावे.